धनैषणा आणि सल्लागाराचे शुल्क

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय, म्हणजे तिस्रैषणीय अध्याय, आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात वाचलेला आहे. प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा या तीन एषणांचा तेथे क्रमाने विचार केला आहे. प्राणांच्या पाठोपाठ धनाचा उल्लेख करताना आचार्यांना कोणताही संकोच वाटलेला नाही. साधनांवाचून दीर्घायुष्य लाभणे यासारखी दुसरी वाईट अवस्था नाही, असेच त्यांचे प्रतिपादन आहे. परीक्षेपुरता हा भाग आपण पाठ केला. पुढे चिकित्सालय थाटल्यावर मात्र पैशाचा विषय चारचौघांत काढणे वैद्यास शोभत नाही, अशी आपली समजूत होऊन बसली.

या समजुतीची किंमत आपल्यापैकी अनेकांनी मोजली आहे. काही महिन्यांपूर्वी एका तरुण वैद्यमित्राने आम्हांस विचारले, "सर, गुंतवणुकीचे सर्व काम पाहण्यासाठी एक गृहस्थ वर्षाला एक टक्का मागत आहेत. द्यावा का?" प्रश्न साधा होता, तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. त्या निमित्ताने जे वाचले, तपासले आणि स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहिले, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहोत. कोणती योजना घ्यावी, हे सांगण्याचा येथे हेतू नाही आणि तो आमचा अधिकारही नाही. सल्ल्यासाठी पैसे मोजावेत की नाही आणि मोजायचे तर कसे, एवढाच विषय आहे.

आपली प्रकृती नोकरदाराहून भिन्न

नोकरदाराच्या वेतनातून भविष्य निर्वाह निधी आपोआप कापला जातो. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या वैद्यास आणि फार्मसीच्या मालकास असा निधी नाही, उपदान नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. त्यातच उत्पन्न ऋतूप्रमाणे बदलते. पंचकर्माचे काम ज्या महिन्यांत भरभरून असते, त्या महिन्यांतील पैसा उरलेल्या महिन्यांना पुरवावा लागतो. फार्मसी चालविणाऱ्यांची तर बरीच पूंजी हिरडा, गुळवेल, अश्वगंधा, तूप, मध यांच्या साठ्यात आणि दुकानदारांकडील उधारीत अडकलेली असते.

उरलेला पैसा नाशिककर कोठे ठेवतात, हेही आपणांस ठाऊक आहे. थोडे सोने सराफ बाजारातून येते. मखमलाबाद, आडगाव किंवा पाथर्डी शिवारात एखादा प्लॉट घेतला जातो. काही ठेवी ओळखीच्या पतसंस्थेत असतात आणि दोन-चार विमा पॉलिसी नातेवाइकांच्या आग्रहाखातर घेतलेल्या असतात. यांपैकी एकेक निर्णय चुकीचा असतोच असे नाही. पण या सर्वांचा एकत्र विचार कोणी केलेला नसतो. सल्लागाराची खरी गरज येथे उत्पन्न होते.

तीन प्रकारचे भिषक्

ज्या अध्यायात धनैषणेचा विचार आहे, त्याच अध्यायात आचार्यांनी वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत: छद्मचर, सिद्धसाधित आणि वैद्यगुणांनी युक्त. अर्थसल्लागारांची परीक्षा करताना हे वर्गीकरण आम्हांस फार उपयोगी पडले.

छद्मचर म्हणजे वैद्याचे केवळ सोंग घेतलेला. अल्पकाळात पैसे दामदुप्पट करून देण्याची आमिषे नाशिकला नवी नाहीत. २०१४ साली उघडकीस आलेले केबीसी प्रकरण आणि २०१६ साली नाशिक पोलिसांत गुन्हा नोंदला गेलेले मैत्रेय प्रकरण अनेकांच्या स्मरणात असेल. अशा प्रकरणांसाठी महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा १९९९ चा अधिनियम आहे. परंतु बुडालेली ठेव परत मिळण्यास किती काळ लागतो, हे ज्यांनी भोगले आहे त्यांनाच ठाऊक. हमखास परताव्याचे वचन देणारा मनुष्य सल्लागार नव्हे, ही पहिली खूणगाठ बांधावी. बाजाराशी निगडित गुंतवणुकीत असे वचन देण्यास नोंदणीकृत सल्लागारास मनाई आहे.

सिद्धसाधित म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर चालणारा. याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. २००८ साली, व्यवसायास जेमतेम चार वर्षे झाली असताना, आमचे खाते असलेल्या बँकेतील एका अधिकाऱ्याने बाजाराशी निगडित विमा योजना सुचविली. बँकेचे नाव मोठे, अधिकारी अत्यंत आर्जवी. आम्ही चाळीस हजारांचा पहिला हप्ता भरला. दोन वर्षांनी विवरणपत्र नीट वाचले, तेव्हा कळले की त्या हप्त्यातील सुमारे दहा हजार रुपये प्रारंभीच्या आकारापोटी कापले गेले होते आणि गुंतवणूक उरलेल्या रकमेचीच झाली होती. अशा योजनांच्या आकारांवर विमा नियामकाने सप्टेंबर २०१० पासून कडक मर्यादा घातल्या, पण आमचे पैसे त्यापूर्वीच गेले होते. त्या अधिकाऱ्याने खोटे काही सांगितले नव्हते. आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही, इतकेच. ते आपणांस सल्ला देत नसून विक्री करीत आहेत, हे आमच्या ध्यानात आले नाही, हा दोष आमचा.

तिसऱ्या प्रकारासाठी भारतात कायद्याची चौकट आहे. भांडवली बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी विनियम लागू केले. नोंदणीकृत सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर कोणासही पडताळता येतो. म्युच्युअल फंडाच्या वितरकास 'एआरएन' क्रमांक असतो. या दोन क्रमांकांतील भेद पुष्कळांना ठाऊक नसतो, आणि सारा घोटाळा तेथेच होतो. सल्लागार आपल्याकडून शुल्क घेतो, तर वितरकास फंड कंपनीकडून कमिशन मिळते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एकाच कुटुंबास शुल्क घेऊन सल्ला देणे आणि त्याच कुटुंबास कमिशनवर योजना विकणे, या दोन्ही गोष्टी एकत्र करता येत नाहीत. नोंदणी नसलेल्या वितरकाने स्वतःस 'वेल्थ ॲडव्हायझर' म्हणवून घेण्यासही तेव्हापासून मनाई आहे. देशभरात वितरक लाखाहून अधिक आहेत, तर नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपासच. त्यामुळे आपल्या दारी येणारा बहुधा वितरकच असतो.

पुडीतील शुल्क

येथे वितरकांवर अन्याय होऊ नये, म्हणून थोडे आत्मपरीक्षण करणे आवश्यक वाटते. आपल्यापैकी किती वैद्य तपासणीचे शुल्क स्वतंत्रपणे घेतात? रुग्णाने "किती झाले?" असे विचारले, की आपण चूर्णाच्या पुड्या, गुटी आणि काढा मिळून एकच आकडा सांगतो. आपली विद्या आणि वेळ यांचे मोल त्या पुडीत बांधलेले असते. ही आपली परंपराच आहे आणि ती अप्रामाणिक नाही. पण तिच्यात एक धोका आहे. ज्या रुग्णास केवळ लंघन आणि निदानपरिवर्जन पुरेसे आहे, त्यास औषध न देता परत पाठविले तर वैद्याच्या हाती काहीच पडत नाही.

वितरकाची स्थिती नेमकी हीच आहे. समजा, एखाद्या फार्मसी मालकावर अकरा टक्के व्याजाचे कर्ज आहे आणि त्याच्या हाती दहा लाख रुपये आले आहेत. कर्ज फेडले तर अकरा टक्के व्याज निश्चितपणे वाचते, आणि अकरा टक्क्यांचा निश्चित परतावा देणारी सुरक्षित योजना शोधून सापडणार नाही. परंतु 'आधी कर्ज फेडा' असा सल्ला देणाऱ्यास कमिशन मिळत नाही. जमलेल्या रकमेवर टक्केवारीने शुल्क घेणाऱ्या सल्लागाराचेही त्यात नुकसानच आहे. म्हणून सल्ला ऐकण्यापूर्वी, सल्ला देणाऱ्याचा पैसा कोठून येतो, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

हा पैसा मोजण्याची सोयही झालेली आहे. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंड योजनेचा 'डायरेक्ट' पर्याय उपलब्ध झाला. त्यात वितरकाचे कमिशन नसते. 'रेग्युलर' पर्यायात ते योजनेच्या खर्चातून दरवर्षी दिले जाते. शेअरबाजारात गुंतवणूक करणाऱ्या योजनांमध्ये या दोन पर्यायांच्या वार्षिक खर्चातील फरक साधारणतः अर्धा ते एक टक्क्याच्या आसपास आढळतो. शिवाय ऑक्टोबर २०१६ पासून सहामाही एकत्रित विवरणपत्रात, आपल्या गुंतवणुकीपोटी वितरकास किती रुपये मिळाले, हे छापले जाते. हे विवरणपत्र ई-मेलने येते आणि बहुतेक जण ते उघडत नाहीत. ते उघडून तो आकडा पाहावा, अशी आमची विनंती आहे. पुष्कळदा आपण 'फुकट' समजत असलेली सेवा वर्षाला पंधरा-वीस हजारांची निघते.

एक टक्क्याचे गणित

एक टक्का हा शब्द कानाला हलका लागतो. त्याचा हिशेब मांडून पाहू. समजा, चाळीस लाखांची गुंतवणूक वीस वर्षे ठेवली आणि खर्च वगळून ती दरवर्षी दहा टक्के दराने वाढली. दहा टक्के हा दर केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. बाजार तसे वचन देत नाही. वीस वर्षांनी ही रक्कम सुमारे २ कोटी ६९ लाख होते. त्यातून दरवर्षी एक टक्का शुल्क गेले आणि वाढ नऊ टक्क्यांवर आली, तर ती सुमारे २ कोटी २४ लाख होते. फरक सुमारे ४५ लाखांचा, म्हणजे आरंभीच्या मुद्दलाहून अधिक. महागाई सहा टक्के धरली, तर आजच्या मोलाने तो सुमारे १४ लाख भरतो. ही रक्कम लहान नाही. चिकित्सालयासाठी गाळा घेताना तिचे मोल कळते.

टक्केवारीऐवजी ठरावीक वार्षिक शुल्क घेणारे सल्लागारही आहेत. समजा, असे शुल्क २५ हजार रुपये आहे. दहा लाखांच्या गुंतवणुकीवर ते अडीच टक्के पडते, म्हणजे फारच महाग. पंचवीस लाखांवर ते एक टक्का होते. एक कोटीवर मात्र ते अवघे पाव टक्का उरते, तर त्याच कोटीवर एक टक्का घेणारा लाख रुपये नेतो. एक कोटीचे काम पंचवीस लाखांच्या कामाच्या चौपट नसते. म्हणून गुंतवणूक वाढत जाईल तसे टक्केवारीपेक्षा ठरावीक शुल्क गुंतवणूकदाराच्या हिताचे ठरते. नोंदणीकृत सल्लागाराच्या शुल्काला सेबीने कमाल मर्यादाही घातली आहे. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार ती एका कुटुंबासाठी वर्षाला सल्ल्याखालील रकमेच्या अडीच टक्के किंवा, ठरावीक शुल्काच्या पद्धतीत, १ लाख ५१ हजार रुपये आहे. ही वरची सीमा आहे. योग्य दर तोच असतो, असे मुळीच समजू नये.

शुल्काच्या बदल्यात काय मिळते

अधिक परतावा मिळतो, असे उत्तर कोणी दिले तर ते सावधपणे घ्यावे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ साली एका छोट्या लेखात साधा मुद्दा मांडला होता. बाजारातील सर्व गुंतवणूकदार मिळूनच बाजार होतो. तेव्हा निवड करून गुंतविणाऱ्यांचा सरासरी परतावा खर्चापूर्वी बाजाराइतकाच असणार आणि खर्च वजा जाता त्याहून कमी भरणार. एखादा सल्लागार त्यावर मात करीलही, पण तो कोण हे आधी ओळखता येत नाही. व्हॅनगार्ड या अमेरिकन कंपनीने २०१४ साली असा अंदाज मांडला की चांगल्या सल्लागारामुळे सुमारे तीन टक्क्यांचा लाभ होऊ शकतो, आणि त्यातील निम्मा वाटा गुंतवणूकदारास घाईच्या चुका करू न देण्याचा आहे. ही कंपनी स्वतः या व्यवसायात आहे, म्हणून तीन टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा मानू नये. त्यातील विभागणी मात्र आमच्या अनुभवाशी जुळते.

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्क्यांनी कोसळून २५,९८१ वर आला. टाळेबंदीमुळे चिकित्सालय ओस पडले होते, मदतनिसांचे पगार द्यायचे होते आणि आमची वीस लाखांची गुंतवणूक चौदा लाखांखाली गेली होती. सर्व काढून घ्यावे, असा निश्चय करून आम्ही सल्लागारांना दूरध्वनी केला. त्यांनी एकच विचारले, "घरखर्च आणि पगार यांसाठी किती महिने पुरेल एवढी रक्कम बँकेत आहे?" त्यांच्याच आग्रहाने आम्ही सात महिन्यांची सोय करून ठेवली होती. ते म्हणाले, "मग सात महिने या विषयावर बोलू नका." आम्ही थांबलो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सेन्सेक्सने जानेवारीतील उच्चांक ओलांडला. बाजार इतक्या लवकर सावरेल हे त्यांनाही ठाऊक नव्हते, आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितलेही होते. त्यांना आमची प्रकृती मात्र ठाऊक होती.

दुसरी घटना अधिक क्लेशदायक आहे. २०२१ साली आमच्या एका ज्येष्ठ वैद्यमित्राचे अकस्मात निधन झाले. तीस वर्षे उत्तम व्यवसाय केलेला मनुष्य. पण ठेवी कोठे आहेत, पॉलिसी किती आहेत, फार्मसीतील भागीदारीचा कागद कोणाकडे आहे, हे वहिनींना ठाऊक नव्हते. एका खात्यावर नामनिर्देशन त्यांच्या दिवंगत मातोश्रींचे होते. मृत्युपत्र नव्हतेच. पतसंस्थेतील ठेवीची पावती औषधांच्या जुन्या बिलांत सापडली. वहिनी दोन वर्षे कार्यालयांच्या पायऱ्या झिजवीत होत्या. बँकांतील बेवारस ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले, पण ते फक्त बँकांपुरते आहे. वर्षातून एकदा सर्व मालमत्तेची यादी करून, नामनिर्देशने तपासून, पती-पत्नी दोघांनाही समोर बसविणारा एखादा सल्लागार त्यांच्याकडे असता, तर त्याचे शुल्क कितीतरी पटींनी वसूल झाले असते. त्याने कोणती योजना निवडली असती, हा प्रश्न येथे गौण आहे.

कोणास आवश्यक, कोणास अनावश्यक

व्यवसायाची पहिली पाच-सात वर्षे चालू आहेत, कर्ज फिटायचे आहे आणि शिल्लक काही लाखांची आहे, अशा वैद्यास वार्षिक शुल्काच्या सल्लागाराची गरज नाही, असे आमचे मत आहे. आपत्काळासाठी सहा महिन्यांचा खर्च, निव्वळ मुदतीचा आयुर्विमा, आरोग्यविमा, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आणि अल्प खर्चाचा एखादा निर्देशांकाधारित फंड, एवढ्याने बराच काळ भागते. १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झालेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनाही विचारात घेता येते. पतसंस्थेत ठेव ठेवताना एक गोष्ट विसरू नये. बँकेतील ठेवीस ४ फेब्रुवारी २०२० पासून असलेले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण सहकारी बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. शंका असेल तर एकदाच ठरावीक शुल्क देऊन आराखडा करून घ्यावा आणि पुढे स्वतः चालवावा.

याउलट, ज्यांची फार्मसी आणि घर यांचे हिशेब एकमेकांत मिसळले आहेत, भागीदारी आहे, मालमत्ता विखुरलेली आहे, मुले परगावी किंवा परदेशी आहेत, अथवा ज्यांना या कागदांकडे पाहण्याचीच इच्छा नाही, त्यांनी शुल्क देऊन सल्ला घ्यावा. बाजार कोसळल्यावर ज्यांना झोप लागत नाही, त्यांनीही घ्यावा. प्रामाणिक आणि तत्पर वितरक आधीच लाभला असेल, तर केवळ तत्त्वासाठी त्यास सोडण्याचे कारण नाही. मात्र त्यास आपण वर्षाला किती रुपये देतो, हे माहीत असावे. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीपासून सल्लागारांना नव्या गुंतवणुकीवर कमिशन घेण्यास बंदी केली. तेव्हा व्यवहार स्वच्छ झाले, पण लहान गुंतवणूकदारांना शुल्क परवडेना आणि अनेक जण सल्ल्यावाचून राहिले. तेव्हा कमिशन घेणारा प्रत्येक जण वाईट, असे मानणे योग्य नव्हे.

निवड करण्यापूर्वी

सल्लागारास भेटल्यावर पुढील गोष्टी निःसंकोचपणे विचाराव्यात.

१. आपला नोंदणी क्रमांक कोणता? तो आयएनए आहे की एआरएन? उत्तर मिळाल्यावर घरी येऊन स्वतः पडताळावे.

२. आमच्याकडून आणि अन्य कोणाकडूनही मिळून, आमच्यामुळे आपणांस वर्षाला किती रुपये मिळतील? उत्तर टक्क्यांत न घेता रुपयांत घ्यावे. शुल्कावर वस्तू व सेवा कर लागू होत असेल, तर तोही धरावा.

३. या शुल्कात कोणती कामे येतात? विमा, कर्जे, नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी यांचा त्यात समावेश आहे का?

४. कर्ज फेडणे किंवा काहीही न करणे हिताचे असेल, तर आपण तसे सांगाल का? मागील वर्षी असे कोणास सांगितले?

५. करार लेखी आहे का? संबंध संपवायचा झाल्यास काय करावे लागेल?

गुंतवणुकीचा धनादेश कधीही सल्लागाराच्या किंवा त्याच्या कंपनीच्या नावाने देऊ नये. तो थेट फंडाच्या किंवा संबंधित संस्थेच्या नावाने असावा. कोऱ्या अर्जावर स्वाक्षरी करू नये आणि खात्याचा सांकेतिक शब्द कोणास सांगू नये.

आचार्यांनी उत्तम वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ अनुभव, दक्षता आणि शुचिता. रुग्णाने आपल्यात हे गुण पाहावेत, अशी आपली अपेक्षा असते. आपल्या कष्टाचा पैसा ज्याच्या हाती सोपवायचा, त्याच्यात ते पाहण्याचा अधिकार आपणांसही आहे.

त्या तरुण मित्रास आम्ही अखेर इतकेच सांगितले, की एक टक्का देण्यापूर्वी त्याचे रुपये करून कागदावर लिहा आणि त्यासमोर त्या गृहस्थांची कामे लिहा. त्यांनी तसे केले. त्यांची गुंतवणूक नऊ लाखांची होती, चिकित्सालयाचे कर्ज साडेसहा लाखांचे होते आणि कामांच्या रकान्यात 'योजना सुचविणे' एवढेच लिहिले गेले. सध्या ते कर्ज फेडीत आहेत. आपल्या सभासदांनीही असा एक कागद करावा आणि तो करताना सहधर्मचारिणीस अथवा पतिराजांस शेजारी बसवावे, ही विनंती.